ग्लेनिसची चिकटपट्टी

ग्लेनिस नॉस्के हिला आमच्या क्लबात कुणी कधी पदाधिकारी केलं नाही. पण फायनल्स लागल्या, किंवा कुणाचा शंभरावा-दीडशेवा सामना आला, की हार्टलीचे फुटबॉल खेळाडू जे कागदी बॅनर फाडून मैदानात धावतात ते गेली तीसेक वर्षं तिच्याच हातचं असतं. आठवडाभर खपून तिनं ते करायचं आणि वीस-बावीस दांडग्या पोरांनी एका दमात त्याच्या चिंध्या करून पुढे जायचं. वाईट नाही वाटत का, असं मी तिला एकदा विचारलं होतं. तर म्हणाली, केक संपला म्हणून करणारी रडते का?

मी लायल डुट्श्के. जन्मभर ॲडलेडच्या रस्त्यांवर बस चालवली आणि आता बॅनरचा डावा बांबू धरतो. उजवा बांबू स्टॅव्हकडे असतो. त्याचं मासळीचं दुकान आहे, आणि वारं त्याच्या बाजूनं असलं की ते मला बघावं लागत नाही, वासावरून कळतं. बॅनर धरणं हे काम लोकांना सोपं वाटतं. कुंपणाला रेलून, हातात पेस्टी, म्हणजे खिम्याची करंजी, धरून उंटावरून शेळ्या हाकणारे आमच्याकडे ढिगानं आहेत. आखातावरून वारं सुटलं की अर्ध्या बसच्या लांबीचा क्रेप कागद काय ओढ घेतो, ते त्यांनी एकदा येऊन धरून बघावं.

पूर्वी एका फायनलला आमचं बॅनर खेळाडू बाहेर यायच्या आधीच मधोमध फाटलं होतं. निम्मा कागद पार्किंगवरून उडत समुद्राकडे गेला आणि समोरच्या संघाचे लोक टाळ्या पिटत बसले. पुढच्या वेळेपासून ग्लेनिसनं कागदाच्या मागे चिकटपट्टी लावायला घेतली ती घेतलीच. आडवी लावायची, उभी लावायची, मग तिरकी. मी म्हणायचो, बाई, हे बॅनर आहे, बोटीचं शीड नाही. ती म्हणायची, तू बांबू सरळ धर, बाकीचं मी बघते. फक्त मधला भाग ती कोरा सोडायची, कारण तिथूनच कप्तान घुसतो. तो आपटून मागे पडला तर वर्षभर तोंड दाखवायला जागा नाही.

जॅरड हा तिचा एकुलता मुलगा. नवरा लवकर गेला, तेव्हापासून ती दोघंच. जॅरड दिवसा नळजोडणीची कामं करतो आणि शनिवारी आमच्या गोलापुढे उभा राहतो. बचावातला माणूस, त्यामुळे गोल मारणाऱ्यांचे फोटो पेपरात येतात तसा त्याचा कधी आला नाही. आमच्या ऑस्ट्रेलियन फुटबॉलमध्ये चेंडू हातानंही झेलतात; समोरच्याच्या हातात पडणारा चेंडू मुठीनं ठोसून बाहेर घालवायचा, हेच त्याचं काम. असा माणूस संघात आहे हे तो नसतो तेव्हाच लोकांना कळतं. गुडघा दोनदा उघडून झालेला. एप्रिलमध्ये मोसम सुरू झाला तेव्हाच त्यानं सांगून टाकलं की हे शेवटचं वर्ष.

आमच्या क्लबाच्या दारावर एक लाकडी फळी आहे. हार्टलीकडून दोनशे सामने खेळलेल्यांची नावं तिच्यावर सोनेरी अक्षरांत असतात. फार नावं नाहीत. हिशेब करणारे आमच्याकडे कमी नाहीत. त्यांनी एप्रिलमध्येच सांगितलं की जॅरडनं एकही सामना चुकवला नाही आणि आम्ही प्रिलिमिनरी फायनलपर्यंत, म्हणजे अंतिमच्या आधीच्या सामन्यापर्यंत, गेलो, तर त्याचं नाव फळीवर लागणार.

जुलैत ग्लेनिसला न्यूमोनिया झाला. चांगलाच झाला. शनिवारी सकाळी तिला इस्पितळात हलवलं तेव्हा जॅरडची बॅग गाडीत भरलेली होती. तिनं ऑक्सिजनची नळी नाकावरून काढून त्याला जा म्हणून सांगितलं म्हणे. दोनदा सांगितलं. तो खुर्चीतून हलला नाही. सामना त्यानं तिच्या उशाशी बसून रेडिओवर ऐकला, आवाज बारीक करून. तो सामना आम्ही जिंकलो, म्हणून क्लबात कुणी तोंडावर काही बोललं नाही. पण हिशेब एका सामन्यानं सरकला होता. आता दोनशे व्हायचे तर थेट ग्रँड फायनलच गाठायला हवी होती, म्हणजे सप्टेंबरमधला अगदी शेवटचा रविवार. आणि आमचा संघ त्या वर्षी कसाबसा पाचव्या नंबरावर रांगत होता.

ग्लेनिस घरी आली ती निम्मी होऊन. चार पावलं चालली की थांबायची. थांबली की समोरच्याच्या बागेतले गुलाब बघतेय असं दाखवायची. आम्ही सगळे गुलाब बघायला थांबायचो.

पाचवा नंबर म्हणजे फायनल्समध्ये शेवटचं दार. कुठलाही सामना हरलात की घरी. पहिला आम्ही जिंकलो. पावसात, चिखलात, कुणालाही न शोभणारा खेळ खेळून जिंकलो, पण जिंकलो. दुसऱ्यात ज्यांनी आम्हाला वर्षभर धुतलं होतं त्यांना हरवलं. जॅरडनं त्या दिवशी त्यांच्या उंच पोराला चेंडूचा वाससुद्धा घेऊ दिला नाही. अख्खं हार्टली देव पाण्यात घालून बसलं होतं. बेकरीवाल्या बाईनं खिडकीत क्लबाच्या विटकरी-पांढऱ्या रंगांच्या फिती लावल्या. आता मध्ये फक्त प्रिलिमिनरी राहिली होती, शहरातल्या मोठ्या मैदानावर, ईस्टगेटच्या संघाशी. ती जिंकली की ग्रँड फायनल, आणि जॅरडचे दोनशे.

त्या आठवड्यात बुधवारी दुपारी मी नेटबॉलच्या हॉलवर गेलो. आमचं बॅनर नेहमी तिथेच, लाकडी जमिनीवर पसरून तयार होतं. बूट बाहेर काढून आत गेलो तर प्रिलिमिनरीचं बॅनर तयार होऊन भिंतीशी गुंडाळून ठेवलेलं. आणि जमिनीवर दुसरंच पसरलेलं. पांढऱ्या कागदावर विटकरी रंगात कंबरेएवढे आकडे. दोन, शून्य, शून्य.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. सामना जिंकायच्या आधी पुढच्या सामन्याचं बॅनर करायचं नाही, हा आमच्याकडचा न लिहिलेला कायदा आहे. ग्रँड फायनलसाठी नवीन मोजेसुद्धा आमच्याकडे कुणी आधी विकत घेत नाही. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, असला प्रकार इथे खपत नाही. आणि हे ग्लेनिसला माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं, कारण तीस वर्षांत हा कायदा सगळ्यात कडक तिनंच पाळला होता.

ती गुडघ्यांवर बसून कागदाच्या कडेला पट्टी लावत होती. मला बघून दचकली नाही. मला मात्र खरंच राग आला.

"हे काय चाललंय, ग्लेनिस?"

"दिसत नाही का तुला?"

"रविवार होऊ दे की आधी."

"रविवारनंतर आठवडाच राहतो," ती म्हणाली. "पूर्वी आठवड्यात दोन झाली असती. आता तासभर बसले की धाप लागते. मला जमलं नाही तर काय करू? त्याचा दोनशेवा आणि कागद कोराच?"

मी म्हटलं, दुसऱ्या कुणाला तरी सांगू. त्यावर तिनं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मी तो विषय सोडला. मग हळूच म्हणाली, "एक सामना माझ्यापायी गेलाय त्याचा. नाहीतर या रविवारीच झाले असते."

मी खाली बसलो आणि पट्टीचं बंडल धरलं. मी तोडून द्यायचो, ती लावायची. बघतो तर मधल्या भागावरही पट्ट्या. आडव्या, उभ्या, तिरक्या. मी म्हटलं, अगं मध्ये तरी सोड. तर म्हणाली, शहरात वारं कुठून येतं कुणास ठाऊक, आणि माझा जॅरड काय कागदाला अडणार आहे? आम्ही बॅनर गुंडाळून स्टेजच्या मागे, घड्या घातलेल्या टेबलांमागे लपवलं. कुणाला सांगायचं नाही असं ठरलं. स्टॅव्हलाही नाही, कारण स्टॅव्हला सांगितलं की मासळी घ्यायला येणाऱ्या प्रत्येकाला कळतं.

रविवारी आम्ही हरलो. आमच्यात गोलाचे सहा गुण असतात, आणि फरक त्याहूनही कमी होता. शेवटची काही मिनिटं चेंडू आमच्याच टोकाला अडकून पडला होता, जॅरड तो मुठीनं बाहेर घालवत होता आणि तो परत येत होता. त्याची काही चूक झाली नाही. पुढच्यांना गोल मारता आले नाहीत, एवढंच. भोंगा वाजला तेव्हा तो कंबरेवर हात ठेवून उभा होता. मग ज्याला त्यानं दुपारभर अडवलं होतं त्याच्याशी हात मिळवून तो आत गेला.

परतीच्या बसमध्ये ग्लेनिस माझ्या शेजारी बसली होती. बराच वेळ थर्मासचं झाकण उघडत-लावत राहिली. मग म्हणाली, "मी आधी केलं म्हणून झालं हे."

मनातून मलाही तसंच वाटत होतं, खोटं कशाला बोलू. पण तिच्या तोंडून ते ऐकलं आणि मला ते एकदम मूर्खपणाचं वाटलं. मी म्हटलं, "कागदानं कुणी सामने हरत नाही. आपल्या पुढच्या फळीला सरळ लाथ मारता येत नाही म्हणून हरलो आपण. आज नाही, मे महिन्यापासून."

ती हसली नाही. टेबलांमागचं बॅनर फेकून दे, जॅरडला कळायला नको, एवढंच तिनं मला बजावलं.

मी हो म्हटलं आणि फेकलं नाही. दोन दिवस त्या गुंडाळीचा विचार करत होतो. एवढ्या वर्षांत तिच्या हातचा एकही कागद न फाटता राहिला नव्हता, आणि हा तसाच कचऱ्यात जायचा, हे मला पटेना. शेवटी मी जॅरडला फोन केला आणि सगळं सांगितलं. तो म्हणाला, गुरुवारी लॉकर रिकामा करायला येतोय, आईला कशाच्या तरी निमित्तानं घेऊन ये.

गुरुवारी संध्याकाळी मैदान रिकामं होतं. वारं पडलेलं, सहा महिन्यांत पहिल्यांदा. गोलाच्या चारही खांबांच्या सावल्या गवतावर लांब पडल्या होत्या. हॉलच्या किल्ल्या परत द्यायच्यात, असं सांगून मी ग्लेनिसला आणलं. ती मैदानाच्या फाटकातून आत आली आणि तिनं पाहिलं की स्टॅव्ह उजवा बांबू धरून उभा आहे, डावा बांबू जॅरडच्या हातात आहे, आणि मध्ये तिचं दोनशेचं बॅनर ताणलेलं आहे.

ती माझ्याकडे वळली. "फेकून दे म्हटलं होतं ना तुला?"

मी म्हटलं, गुडघा दुखतो हल्ली, वाकवत नाही.

मग ती मुलाकडे बघून म्हणाली, "लायलकडे दे तो बांबू. तू पळ त्यातून. एकदाचं फाटू दे."

"मी नाही पळणार," जॅरड म्हणाला. "माझे एकशे नव्याण्णव झाले. दोनशे लिहिलेल्या कागदातून मी कसा जाऊ?"

तिचा चेहरा उतरला. मला वाटलं, पोरगा आता हे असं का करतोय. पण तो बांबू सावरत तिला म्हणाला, "एक तुझ्यापायी गेला म्हणतेस ना? सगळ्यांना सांगत फिरतेस. मग तो तू भर. चल, ये."

"मी? एकाहत्तर वर्षांची आहे मी."

"गुडघे माझ्यापेक्षा चांगले आहेत तुझे."

ती जागची हलेना. तीस वर्षं तिनं हे कागद मागून पाहिले होते, गुडघ्यांवर बसून. समोर उभं राहून, आता यातून जायचं, असं तिला कधी कुणी म्हटलंच नव्हतं. तिनं पर्स माझ्या हातात दिली. चष्मा काढला, तोही दिला. मग थोडी मागे गेली आणि पळत नाही म्हणता येणार, पण चालण्यापेक्षा जरा जास्त अशा वेगानं निघाली. दोनशेच्या मधल्या शून्यावर जाऊन धडकली.

कागद आत गेला, आणि तिला घेऊन तसाच बाहेर आला. ती दोन पावलं मागे सरकून उभी राहिली. स्टॅव्ह हसू लागला तसा बांबू हलला, आणि जॅरडनं त्याला शिवी हासडली. मी पुढे होणार, तेवढ्यात ती म्हणाली, कुणी हात लावायचा नाही.

दुसऱ्यांदा ती गेली तेव्हा मूठ पुढे करून गेली. अगदी जॅरड चेंडू ठोसतो तशी. कागदाला एक चीर पडली. मग तिनं त्यात बोटं घातली आणि ओढायला लागली. एक पट्टी तुटली की मागे दुसरी, तिच्यामागे तिरकी. धाप लागली होती. ती थांबली, श्वास घेतला, आणि पुन्हा लागली. या वेळी गुलाब बघायचं नाटक केलं नाही. जॅरड बांबूला धरून उभा होता. त्याचे डोळे भरून आले होते आणि पुसायला हात मोकळा नव्हता. मलाही चष्मा दोनदा पुसावा लागला, आणि तो ग्लेनिसचा होता.

शेवटी शून्यातून तिचं डोकं बाहेर आलं, मग एक खांदा, मग ती सगळीच. केसांत विटकरी कागद अडकलेला. ती गवतावर मटकन बसली आणि जॅरड बांबू टाकून तिच्याशेजारी बसला. बॅनर आमच्या सगळ्यांच्या अंगावर आलं.

"एवढी पट्टी कोण लावतं?" तिनं कागदाखालूनच विचारलं.

"तूच," मी म्हटलं.

ती थोडा वेळ नुसती श्वास घेत राहिली. मग म्हणाली, "मग चांगली लावलीय."