त्याच्या वाटचा बर्फ
थंडी पडली की पेटीतलं जाकीट काढतो आणि डांबरगोळ्यांच्या वासासरशी लाखांदूरकडचं मित्राच्या घरचं अंगण आठवतं. त्याचं लग्न ठरलं होतं आणि त्याआधी आम्ही चौघं औलीला, बर्फावर स्की करायला जाणार होतो. बेत त्याचाच. तिकिटं झाली होती, परतायचं लग्नाच्या आदल्या दिवशी. नवंकोरं जाकीट घालून, दोन तुराट्या हातात धरून, तो सारवलेल्या अंगणात घसरायचा सराव करत होता आणि आम्ही हसत होतो. पाखडता पाखडता त्याची आई थांबली. "कवा जाऊन राहिले?" मी तारीख सांगितली. तिनं सूप खाली ठेवलं. त्यांच्या घरी हळद पाच दिवस आधी लागायची, आणि आम्ही फक्त लग्नाची तारीख पाहिली होती. "हळद लागली का नवरदेव शीव ओलांडत नाही. मले काहून नाही इचारलं?" आम्ही त्याच्याकडे पाहत होतो, तो आईकडे. शेवटी त्यानं तुराट्या भिंतीला टेकवल्या आणि जाकीट काढून माझ्या हातात दिलं. "तुमी जा बे. माह्या वाटचंबी पडून या." औलीत मी इतका पडलो की शिकवणारा वैतागला. अजून आठवतं, दर वेळी उठताना मी मागे वळून पाहायचो. हसायला तोच नव्हता.