आधी रिकामा काटा

योशिए फुकामीच्या मनात संशय एकदा शिरला की मुक्कामालाच यायचा. उभी हयात तिने नाशपातीच्या सहकारी गोदामात काट्यावर काढली होती. पेटीच्या तळाशी डागाळलेलं फळ दडवायची एकाही बागायतदाराची छाती नव्हती. वरची चार फळं उचलून ती अशी काही बघायची की समोरचा स्वतःच म्हणायचा, "असू दे बाई, बदलून आणतो." पुढे गोदाम सुटलं, पण नजर सुटली नाही. आता त्या नजरेखाली एकच माणूस उरला होता, नवरा.

तात्सुओ गावाची शाळेची बस चालवायचा. तीन वर्षांपूर्वी देवळाच्या उत्सवात त्याने मित्रांबरोबर साके घेतली, वेळेवर घरी आला, रात्रभर घोरला आणि सकाळी डेपोतल्या यंत्रात फुंकर मारली. यंत्राने सगळ्यांसमोर त्याची अब्रू काढली. तो अख्खा हिवाळा त्याला बस चालवायला नाही, धुवायला दिली.

"अगं, पण मी झोपलो होतो ना!" तो कळवळून सांगायचा.

"झोपलो म्हणे! झोप म्हणजे काय साबण आहे, दारू धुऊन निघायला?" योशिए फणकारायची. हे वाक्य तिने इतक्या वेळा ऐकवलं होतं, की कोतोने या चार वर्षांच्या नातीलाही ते पाठ होतं. बाहुलीला आंघोळ घालतानासुद्धा ती ते म्हणायची.

तात्सुओने दारू सोडली. सोडली म्हणजे खरंच सोडली. पण हे योशिएला कोण पटवणार? तिने दुकानातून हाताच्या मुठीत मावेल असं, गाडी चालवायची ०.१५ ही हद्द ओलांडली की किंचाळणारं फुंकायचं यंत्र आणलं आणि रोज सकाळी नाश्त्याआधी त्याच्या तोंडापुढे धरायला सुरुवात केली. तो फुंकायचा, यंत्र शून्य दाखवायचं, तो मिसोचं सूप प्यायचा आणि कामाला जायचा. दुसरी एखादी बाई यावर निवांत झाली असती. पण योशिएला त्या शून्यानेच घोर लावला. रोज शून्य? पावसात शून्य, थंडीत शून्य, भाच्याच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशीही शून्य? इतकी चोख पेटी तिने गोदामात कधी बघितली नव्हती.

बरं, तात्सुओ संध्याकाळी अवजारांच्या खोलीत जाऊन बसायचा. तिथे बिनदारूच्या बिअरचे रिकामे डबे सापडायचे, ०.०० असं ठळक छापलेले. "हे बघ, हे पितो मी," तो म्हणायचा. पण हे डबे मला दिसतील असेच का ठेवलेत, असं तिला वाटायचं. डेपोतही हजेरी आणि फुंकर घेणारा मुराओ म्हणजे याचा मासेमारीचा जोडीदार. तो काय याला पकडणार?

आणि गेल्या काही आठवड्यांत, थंडीमुळे रात्री झडपा लावायला लागल्यापासून, तर तिच्या मनात पाल चुकचुकायला पक्कं कारण मिळालं होतं. सकाळी खिडकीची झडप उघडण्याआधी झोपायच्या खोलीत वास यायचा. शिळा, गोडसर, दारूचाच. दोन गाद्या, दोन माणसं. एक ती स्वतः. मग दुसरं कोण?

काल संध्याकाळी शेजारची सातोए पर्सिमन फळांची टोपली घेऊन आली, तेव्हा योशिएने तिच्यापाशी मन मोकळं केलं. तात्सुओ आंघोळीला गेला होता. दोघी स्वयंपाकघरात बसल्या आणि योशिएने मोठी काचेची बरणी काढली. जूनमध्ये हिरवी उमे फळं, खडीसाखर आणि बाजारातली पांढरी कडक दारू घालून ती दर वर्षी ही बरणी भरायची. याला ती दारू म्हणत नसे. 'काढा' म्हणायची. तिच्या आईचा काढा, आईच्या आईचा काढा. पोटाला बरा, सांध्यांना बरा, झोपेला तर फारच बरा. रोज रात्री चहाच्या वाडग्यातून एक वाडगा, कधी दोन.

"पुढच्या महिन्यात यांच्या नोकरीचा करार पुन्हा व्हायचाय," ती म्हणाली. "त्याआधी काहीतरी झालं म्हणजे? बसमध्ये पोरं असतात गं लोकांची."

"मग डेपोच्या साहेबांना सरळ फोन कर," सातोए म्हणाली आणि वाडगा पुढे केला. "ओत आणखी थोडा. तुझ्या हाताला चव आहे बाई."

सातोए गेल्यावर योशिए अंथरुणाला पाठ टेकून पडली, पण डोळ्याला डोळा लागेना. एकाच गोष्टीचा भुंगा डोक्यात. शेवटी ती उठली आणि झोप यावी म्हणून आणखी एक वाडगा प्यायली. मग लागली झोप.

सकाळी पुन्हा तोच वास. आज तर उग्र. तात्सुओ बाजूच्या गादीवर पाय पसरून खुशाल झोपलेला. योशिएच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"अहो, उठा! फुंका!"

"अगं, दात तरी घासू दे."

"दात घासून वास घालवायचाय, होय? आधी फुंका."

तात्सुओने अंथरुणात बसूनच फुंकर मारली. ०.००.

"झालं समाधान?"

"गालातून फुंकलात. पोटातून फुंका."

"पोटातून फुंकायला मी काय बेडूक आहे?" पण त्याने पुन्हा फुंकलं. पुन्हा शून्य. तो पुटपुटत तोंड धुवायला गेला.

योशिए यंत्र हातात धरून स्वयंपाकघरात उभी राहिली. आता तिची खात्रीच पटली. माणूस प्यायलेला आहे, नाकाला कळतंय, आणि यंत्र शून्य म्हणतंय. म्हणजे यंत्र मेलेलं आहे. याने गुपचूप बदललं असणार, नाहीतर काहीतरी करून ठेवलं असणार. तिने मनाशी ठरवलं, आज सिद्ध करायचं आणि डेपोच्या साहेबांना फोन लावायचा. नोकरी गेली तर जाऊ दे. पोरांच्या जिवापेक्षा नोकरी मोठी नाही. हे ठरवताना तिचे डोळे भरून आले, कारण बस हा त्या माणसाचा जीव होता आणि तो माणूस तिला अजूनही आवडायचा.

सिद्ध करायची रीत सोपी होती. स्वयंपाकाची साके तोंडात घोळवायची, थुंकायची, फुंकायची. तरी शून्य आलं, तर नवरा खोटा. तिने बाटली काढली. पण हात थांबला, गोदामातली सवय. माल ठेवण्याआधी रिकामा काटा बघायचा. शून्यावर आहे की नाही, हे बघितल्याशिवाय तिने आयुष्यात एकही पेटी तोलली नव्हती.

म्हणून बाटली न उघडताच तिने आधी नुसती फुंकर मारली.

यंत्र किंचाळलं. ०.१७.

"बघा!" ती ओरडली. "बघा, बिघडलंय! काहीही दाखवतंय!"

तात्सुओ टॉवेल खांद्यावर टाकून आला. मागोमाग डोळे चोळत कोतोने. कोतोनेची आई चिहारु रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात पहाटेच्या पाळीला जायची, म्हणून नात इथेच, बाजूच्या खोलीत झोपायची. रोज सकाळी आजी तिला छोट्या पांढऱ्या गाडीतून बालवाडीत सोडायची.

तात्सुओने यंत्र घेतलं आणि फुंकलं. शून्य.

"मी पण! मी पण!" कोतोनेने गाल फुगवून फुंकलं. शून्य.

योशिएने चूळ भरली, पाणी प्यायलं, जरा वेळ थांबली आणि पुन्हा फुंकलं. ०.१७.

तात्सुओची नजर हळूहळू ओट्याकडे गेली. तिथे काचेची बरणी होती, तळाशी चार सुरकुतलेली उमे, आणि शेजारी रात्रीचा न विसळलेला वाडगा. त्याने तो उचलून हुंगला.

"खोलीत येतो तो वास हाच का गं?"

"पण तो... तो काढा आहे," ती म्हणाली. "आणि तो रात्री घेतला होता. मी झोपले होते ना!"

"आजी," कोतोने म्हणाली, "झोप म्हणजे काय साबण आहे?"

योशिए मटकन खाली बसली. तात्सुओ हसला असता तरी तिने सोसलं असतं, पण तो हसला नाही. तिच्या शेजारी बसला फक्त. तिला दिसत होता कालव्याकाठचा तो वळणाचा रस्ता, जिथे कठडा नाही. मागच्या सीटवर पट्ट्यात बांधलेली, बेसूर गाणारी पोर. काल, परवा, सगळा उन्हाळा. आपण ज्याच्या तोंडापुढे यंत्र धरलं, तो शून्यावर होता. आणि स्वतःच्या तोंडापुढे धरायचं कधी डोक्यातही आलं नाही.

"मला साहेबांना फोन करायचा होता," ती कशीबशी म्हणाली. "तुमच्याबद्दल."

"कर की," तात्सुओ म्हणाला. "सांग, माझा नवरा रोज शून्य येतो, मला सहन होत नाही." मग घड्याळाकडे बघून तो उठला. "मला निघायला हवं. गाडीची किल्ली मी नेतो."

"न्या," ती म्हणाली.

तिने कोतोनेला बूट घातले, दप्तर स्वतःच्या खांद्याला अडकवलं आणि दोघी चालत निघाल्या. लांबचा रस्ता. फाटकातून बाहेर पडल्या तोच शेजारच्या अंगणात सातोए गाडीत बसताना दिसली. मागच्या सीटवर तिची म्हातारी सासू, तपासणीला जायला नटूनथटून बसलेली.

"अगं, पायी कुठे?" सातोएने काच खाली केली. "गाडीला काय झालं? आणि फोन केलास का? पकडलास का नवऱ्याला?"

गाडी बिघडली, हे शब्द योशिएच्या ओठावर आले होते. म्हटलं असतं तर कोणाला काय कळणार होतं? पण सातोएने गाडी चालू केली, म्हातारीने मागून हात हलवला, आणि योशिए तिचं फाटक ओलांडून थेट बॉनेटसमोर जाऊन उभी राहिली.

"गाडीला काही झालेलं नाही," ती म्हणाली. "प्यायलेली मी आहे. काल माझ्याबरोबर तूही होतीस."

"काढा होता तो!"

योशिए बॉनेटला वळसा घालून आली, तिने एप्रनच्या खिशातून यंत्र काढलं आणि खिडकीतून आत धरलं.

"आधी गाडी बंद कर," ती म्हणाली. "आणि पोटातून फुंक."