घरचोळ्यावरची इस्त्री

लाभुबेन घाबरट होती, आणि हे तिच्या तोंडावर सांगितलं तरी ती घाबरून हो म्हणायची. सुरतेत वराछाला, हिरे घासणाऱ्यांच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर बसून ती दिवसभर साड्यांना लेस लावायची. दार वाजलं की आधी आतूनच कोण आहे विचारायची, मग हात कडीकडे जायचा. बाहेर जाताना गॅस बंद केलाय ना हे ती शेजारणीलाही बघायला लावायची. पण तिच्या सगळ्या भीत्यांची महाराणी म्हणजे थोरली जाऊ, जडावभाभी. भाभी राहायची लांब, जामनगरकडच्या गावी. तरी तिचा फोन आला की लाभु डोक्यावर पदर घेऊन, उभी राहून बोलायची.

उगाच नव्हतं ते. लाभु नवी नवरी म्हणून त्या घरात आली त्या वर्षी सासूची नथणी हरवली. चार बायकांसमोर भाभी म्हणाली, "घरात नवं माणूस एकच आलंय." नथणी पुढे गादीच्या शिवणीत सापडली, पण ते बोलणं कुणी मागे घेतलं नाही. नवरा वारला, मुलगा केतन हिऱ्याच्या कारखान्यात कमावता झाला, तरी जावेसमोर लाभुला आपण चोरच आहोत असं वाटायचं.

आता केतनचं लग्न ठरलं आणि भाभीने गावाहून येणाऱ्या माणसाबरोबर घरचोळं पाठवलं, म्हणजे नवरीची लग्नातली साडी. लाल, जरीच्या चौकड्यांचं, चौकडीचौकडीत बांधणीचे ठिपके. त्या घरातल्या प्रत्येक सुनेने फेऱ्यांना तेच अंगावर घ्यायचं, असा सासूच्या सासूपासूनचा रिवाज. सोबत निरोप होता, "जसं दिलंय तसं परत पाहिजे." त्याला डांबराच्या गोळ्यांचा भपकारा येत होता, आणि एका कोपऱ्यावर तेलाचा डाग होता. भाभीला वाटेल आपणच पाडला, म्हणून लाभुने घाईघाईने ते नाक्यावरच्या ठाकोरभाईच्या लॉन्ड्रीत ड्रायक्लीनला टाकलं. घाबरणाऱ्या माणसाचं हे असंच होतं बघा, आगीतून उठायचं आणि फुफाट्यात पडायचं.

लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी ती आणायला गेली. ठाकोरभाईने पुडकं काउंटरवर आपटलं. लाभुने कागद उघडला. घरचोळं पत्र्यासारखं सपाट झालं होतं, वर खळ लावून चकचकीत.

खरी बांधणी म्हणजे एकेक ठिपका दोऱ्याने आवळून बांधलेला. दोरा सुटला तरी कापडावर बारीक चुण्या राहतात, आणि त्या चुण्या हाच तिच्या खरेपणाचा पुरावा. जामनगरकडची बाई बांधणीला इस्त्री लावणार नाही, मेली तरी लावणार नाही. पण हे पडलं सुरत. इथे साडी म्हणजे ताठ, गुळगुळीत, डब्यात बसणारी.

"भाई, ह्याच्या चुण्या कुठे गेल्या?"

"कसल्या चुण्या? चोळामोळा करून बोचकं आणलं होतंत. सरळ करून दिलं, त्याचे वरचे पैसेही लावले नाहीत. पाया पडा माझ्या."

"पण ही बांधणी आहे. ह्याला इस्त्री..."

"बेन, डोकं नका खाऊ. डाग गेला की नाही? गेला. चला, मागे गिऱ्हाईक उभं आहे."

लाभु बाजूला झाली, पण गेली नाही. दुकान रिकामं होईपर्यंत ती उकळत्या वाफेच्या त्या दारात उभी राहिली. मग हात जोडून म्हणाली, "भाई, मला भरपाई नको. संध्याकाळी माझी जाऊ येईल. तिच्यासमोर एवढंच सांगा की इस्त्री तुम्ही फिरवली. नाहीतर ती म्हणेल मी खरं घरचोळं लांबवलं आणि हे बाजारातलं आणून ठेवलं."

ठाकोरभाई हसला, अगदी दात काढून. "बाजारातलंच आहे ते! खऱ्या बांधणीच्या चुण्या एका इस्त्रीने अशा साफ जातात होय? सुरतेत जन्म गेला माझा. हा छापा आहे, छापा. ठिपके बघा, सगळे एका साच्यातले. आणि कुणाच्या जावेसमोर उभं राहायला मी काय तुमच्या घरचा गडी आहे? निघा."

घरी येईपर्यंत लाभुचे डोळे भरून आले होते. केतनने विचारलं तेव्हा तिने रडत रडत सगळं सांगितलं, फक्त छाप्याचं तेवढं सांगितलं नाही. पोरगं तापट, आईला बा म्हणणारं. "बा, त्याचं दुकान बंद करतो की नाही बघ!" तिने शपथा घालून त्याला थांबवलं. मग एकटी असताना घरचोळं उजेडात धरलं. रोज शंभर छापील साड्या तिच्या हाताखालून जात होत्या. तिने एक ठिपका बघितला, शेजारचा बघितला, आणि तिच्या मनात पाल चुकचुकली. तिने ते पटकन घडी घालून ठेवून दिलं.

संध्याकाळी जडावभाभी आली. पाणी प्यायच्या आधी स्वयंपाकघरात येऊन म्हणाली, "घरचोळं दाखव."

लाभुने ते तिच्या मांडीवर ठेवलं आणि भिंतीला टेकून उभी राहिली. भाभीने घडी मोडली. लाभु शिव्यांची वाट बघत होती. त्याऐवजी भाभीने उठून स्वयंपाकघराचं दार आतून लावलं, आणि वळली तेव्हा तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"कुणी बघितलं हे?"

"लॉन्ड्रीवाल्याने. भाभी, तुमची शपथ, मी बदललं नाही..."

"तू कशाला बदलशील? मीच बदललंय."

तीस वर्षं जिच्या आवाजाने लाभुची गाळण उडायची, ती बाई ओट्याला धरून खाली बसली. घरचोळ्याची पेटी तिच्या ताब्यात आली आणि दुसऱ्याच वर्षी उंदरांनी खरं घरचोळं कुरतडून त्याच्या चिंध्या केल्या होत्या. सासू जिवंत होती, आणि सासूची भाभीला तेवढीच धास्ती, जेवढी लाभुला भाभीची. सुरतेहून येणाऱ्या फेरीवाल्याकडून तिने गुपचूप हे घेतलं, खोट्या चुण्या पाडलेलं. कुणाला कळलं नाही.

"आणि मग ह्यातच माझ्या वल्लभचे फेरे झाले," भाभी म्हणाली. "दोन वर्षांत गेला ना ग पोरगा. चांगला धडधाकट होता. दर वेळी पेटी उघडली की वाटतं, फेऱ्यांना खोटं वस्त्र देऊन मीच मारलं त्याला."

"असं कुठे असतं, भाभी," लाभु म्हणाली. पण उद्या केतनचे फेरेही त्यातच होणार होते. "आपण दुसरं आणू या का?"

"सगळा गोतावळा ह्यालाच ओळखतो. जुनं कुठे गेलं विचारतील, काय सांगू? आणि विजु येतेय उद्या. माझी सून. तिला कळलं की आपण कशात उभ्या राहिलो होतो, तर ती मला आयुष्यात माफ करायची नाही."

तेवढ्यात बाहेरून केतनचा आवाज आला, खुशीतला. मित्रांना घेऊन तो लॉन्ड्रीत जाऊन आला होता. "बा, ठणकावून सांगितलंय त्याला! उद्या लग्नाच्या वाडीत येऊन सगळ्यांसमोर माफी माग, नाहीतर तुझ्या शटरला कुलूप." लाभु आणि भाभीने एकमेकींकडे बघितलं. आता तो येईल. आणि आला की ठिपके दाखवेल.

लग्नाच्या वाडीत दुसऱ्या दिवशी लाभु पाहुण्यांना या या म्हणत होती आणि डोळे फाटकाकडे होते. नवरीच्या खांद्यांवर ते सपाट लाल घरचोळं चढलं. बायका कुजबुजल्या. पहिल्या रांगेत विजु बसली होती, पांढऱ्या फुलांची फिकी साडी, हात मांडीवर. तिची नजर त्या घरचोळ्यावरून हलत नव्हती.

लग्न लावणाऱ्या महाराजांनी फेऱ्यांसाठी उभं राहा म्हटलं, आणि नेमका त्या वेळी ठाकोरभाई शिरला. घामाने निथळत, सरळ मांडवापाशी.

"कोण माझं शटर बंद करणार? तू रे, नवरदेवा? माझ्या दुकानाची बदनामी करतो? अरे, ती साडी इकडे कर. सगळ्यांदेखत दाखवतो काय चीज आहे ती!"

केतन उसळला. "खरी बांधणी खराब केलीस आणि वर..."

"खरी? थांब, कोपरा धरतो आणि दाखवतोच."

त्याचा हात पुढे गेला. जडावभाभी खुर्चीतून अर्धी उठली आणि तशीच राहिली. विजु मान पुढे करून बघत होती. लाभु मध्ये जाऊन उभी राहिली. आवाज फुटला तो तिचा तिलाच ओळखू आला नाही.

"ह्यांची चूक नाही. इस्त्री मी फिरवली. घरी आणून. भीतीने ह्यांचं नाव घेतलं."

ठाकोरभाईचा हात तसाच हवेत. इस्त्री कुणी फिरवली हे त्याच्याइतकं कुणाला माहीत होतं? क्षणभर त्याने लाभुकडे डोळे बारीक करून बघितलं. मग त्याला आपला फायदा कळला.

"ऐका सगळे! हिच्याच तोंडून ऐका! बेन, गरीब माणसाच्या पोटावर पाय देताना लाज नाही वाटली?"

"चुकलं, भाई. जेवून जा."

आणि तो खरंच जेवायच्या पंगतीकडे गेला, निर्लज्ज मेला.

केतन आईकडे बघत राहिला. "बा, मला खोटं सांगितलंस? मी मित्र घेऊन गेलो त्याच्या दारात." नवरीने मान खाली घातली. पहिल्याच दिवशी सासू खोटारडी निघाली, आता पोरीने बघायचं तरी कुठे? मागून कुणीतरी म्हणालं, "ह्या लाभुचं पहिल्यापासून असंच."

मग जडावभाभी उठली. सगळ्यांना वाटलं आता हिचा निकाल लागला. ती आली आणि ठणठणीत आवाजात ओरडली, "अक्कल आहे का तुला? घराण्याची वस्तू आणि इस्त्री फिरवतेस? बाजूला हो, मुहूर्त चाललाय!" ओरडता ओरडता तिने लाभुचं मनगट धरलं, आणि तिची बोटं बर्फासारखी गार होती. विजु खुर्चीत मागे टेकून बसली.

फेरे सुरू झाले. केतन आईकडे न बघता पुढे चालला, मागे लाल घरचोळं सरळसोट लटकत होतं. लाभु पोराच्या पाठीकडे बघत देवाचं नाव घेत राहिली, शेजारी भाभीचेही ओठ हलत होते, आणि गुजराती रिवाजाचे चारही फेरे पुरे होईपर्यंत भाभीने तिचं मनगट सोडलं नाही.