व्याहीभेटीतला चंद्राचा दगड

रोह्याच्या माझ्या व्याह्यांनी मला फसवलं. चंद्राचा म्हणून साधा दगड दिला आणि माझा गणपतीचा साचा नेला.

पेणला दुसऱ्याच्या कारखान्यात माती मळण्यापासून मी सुरुवात केली. स्वतःचा कारखाना झाल्यावर पहिली मूर्ती घडवली आणि तिचा साचा काढला. त्या चेहऱ्यावर माझं घर उभं राहिलं. व्याहीही मूर्तिकार. मुलीच्या लग्नात व्याहीभेटीला त्यांनी तोच साचा मागितला. मी अडून बसलो, "मग मला अंगठी-घड्याळ नको. कुणाकडे नाय असं कायतरी द्या." त्यांनी भर मांडवात मुठीएवढा काळा दगड पुढे केला. चंद्रावरचा आहे, परदेशातल्या ओळखीतून आलाय म्हणाले. आम्ही मिठी मारली, टाळ्या झाल्या. मातीचा खडा बोटांत चुरडून पारखणारा मी, दगड नुसता कपाळाला लावला.

मुलगी रोह्याच्या शाळेत रसायनशास्त्र शिकवते. तीन वर्षांपूर्वी माहेरी आली तेव्हा तिने दगडाच्या भेगेतला तांबडा गंज दाखवला. मग दगडात रुतलेल्या पांढऱ्या खड्यांचा चुरा परीक्षानळीत तापवला. काचेवर पाण्याचे थेंब जमले.

"बाबा, चंद्राच्या दगडात पाणी जवळजवळ नसतंच. म्हणून त्यातलं लोखंड गंजत नाही. तिथल्या काही काळ्या दगडांत टायटॅनियम आपल्याकडच्या दगडांपेक्षा कितीतरी जास्त असतं. हा इथलाच आहे, कुठल्यातरी खाणीतला."

मी चपला घातल्या. ती दारात आडवी उभी राहिली.

"भांडून तुम्ही पेणला परत याल. मी कुठे जाऊ?"

चपला काढल्या.

तेव्हापासून दगड काचेच्या कपाटात आहे, खाली 'चंद्राचा दगड' अशी चिठ्ठीही तशीच. व्याही आले की चारचौघांत म्हणतात, "दाखवा की पाहुण्यांना आपला चंद्र!" मी कपाट उघडतो. यंदा त्यांच्या कारखान्यात माझाच चेहरा रांगेने वाळत होता, प्रत्येक पाठीवर त्यांचा शिक्का. "कसा काय वाटतो?" त्यांनी विचारलं. मुलगी चहा घेऊन उभी होती. "छान," मी म्हणालो.

हे तिला विचारूनच लिहितोय. "लिहा, पण आरडाओरडा नको," म्हणाली.

नाही ओरडत. व्याही, हा दगड कुठून उचललात? कुठला ते माहीत असून माझ्या हातात ठेवलात का? मिठी मांडवात मारलीत, तर उत्तरही त्याच माणसांसमोर द्या. आणि येताना साचा घेऊन या.