तिसऱ्या मजल्यावरचे हॉस्टेटर

आमच्या पेनसिल्व्हेनियातील खाणगावात एक चार मजली दुकान होते. तिसऱ्या मजल्यावर, पडदे आणि बुटांच्या मधोमध, शिकारीच्या बंदुका मिळत. तेथे मर्ल हॉस्टेटर एकवीस वर्षे विक्रेते म्हणून उभे राहिले. बंदूक हाती देण्यापूर्वी ते ती उघडून रिकामी असल्याचे दाखवीत. घेणाऱ्यानेही पुन्हा पाहावे, असा त्यांचा आग्रह असे.

खाणीत काम कमी असले की आम्ही काडतुसांचा अख्खा डबा घेत नसू. हॉस्टेटर सुटी काडतुसे देत. १९५४ साली सशांच्या शिकारीचा हंगाम सुरू होण्याच्या आदल्या दिवशी मी सहा घेतली आणि ब्रुबेकर यांच्या सफरचंदांच्या बागेमागे जाणार असल्याचे बोलून गेलो.

शनिवारी दुकान उघडण्यापूर्वी त्यांना बारा बोअरच्या सुट्या डब्यात त्याहून बारीक, वीस बोअरची दोन काडतुसे आढळली. रंग एकच, लाल. डबा त्यांनीच भरला होता आणि त्यातून फक्त मीच घेतली होती. वर्षातील सर्वांत गर्दीचा दिवस असूनही ते कोणालाही न विचारता गाडी घेऊन निघाले.

बागेत मी चाप ओढला, पण बार उडाला नाही. बंदूक उघडली तर काडतूस दिसेना. घाईत भरायचेच राहिले असे समजून मी दुसरे घातले. तेवढ्यात हॉस्टेटर धापा टाकत कुंपण ओलांडून आले.

मी हसून म्हणालो, "काय हो, दुकान सोडून ससे मारायला आलात?"

"स्टॅनली, बोट काढ चापावरनं. उघड ती."

त्यांनी दुसरे काडतूस काढून नळी उजेडाकडे धरली. पलीकडचे काही दिसत नव्हते. पहिले, बारीक काडतूस पुढे घसरून अडकले होते. दुसरे उडाले असते तर नळी माझ्या डाव्या हातात फुटली असती.

"बुडावरचा आकडा नाही वाचलास?"

मी मान खाली घातली. मला अक्षरे काय, आकडेही वाचता येत नाहीत, हे गावात कोणाला ठाऊक नव्हते. त्यांनी पुढे विचारले नाही.

परतल्यावर त्यांनी स्वतःच चूक सांगितली. घेणाऱ्याला आकडा दिसला नाही का, असे व्यवस्थापकांनी विचारले. हॉस्टेटर म्हणाले, डबा मी भरला. सोमवारी त्यांना पडद्यांकडे पाठविण्यात आले.

मी तेथे जाऊन म्हणालो, मला वाचता येत नाही, हे साहेबांना सांगतो.

कापड मोजता मोजता ते म्हणाले, "सांगायचंच तर रात्रीच्या शाळेतल्या बाईंना सांग."

मी बाईंकडे गेलो, पण चाळीस वर्षे उशिरा. तोवर दुकानातून बंदुका गेल्या होत्या आणि जगातून हॉस्टेटर.