दुपटीवरचे अप्पा

तिला घरात सगळे मास्तरीण म्हणत. ती कुठे शिकवत होती असं नाही. उलट सव्वीस वर्षं पूर्ण झाली तरी अजून शिकतच होती, तेही परदेशात. नाव पाडलं होतं अप्पांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी. अप्पा चाळीस वर्षं एका डॉक्टरांच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. औषधाच्या बाटलीवर डोसाच्या खुणा कातरलेली कागदाची पट्टी चिकटवायची, हे त्यांचं काम. ती पहिलीत असताना तिने एका बाटलीवरच्या खुणा बोट लावून मोजल्या आणि सहाऐवजी पाचच आहेत, हे भर दवाखान्यात जाहीर केलं. पेशंट हसले, डॉक्टर हसले, आणि अप्पांनी पट्टी बदलता बदलता म्हटलं, "आता मास्तरीणबाईंना दाखवल्याशिवाय बाटली द्यायची नाही बुवा." ते त्यांनी गमतीने म्हटलं खरं, पण पुढे पाळलंही. तिच्या नजरेतून काही सुटत नाही, हे अप्पांचं ठाम मत होतं.

आता या मास्तरीणबाईंचा दिवस पाहा. पाचला गजर. सहा ते अकरा एका मोठ्या हॉटेलच्या तळघरात चादरींच्या घड्या घालायच्या. मग बस, मग कॉलेज, संध्याकाळपर्यंत वर्ग, मग ग्रंथालय, मग खोलीवर येऊन काहीतरी उकडून खायचं आणि अंग टाकायचं. विषय सार्वजनिक आरोग्य. म्हणजे लाखो माणसांच्या तब्येतीचे आकडे मांडायचे आणि कोण कुठे बिघडत चाललंय, ते वेळेत ओळखायचं. स्वतः बाई बसमध्ये दांडी धरून उभ्या उभ्या झोपत. वर्गात एकच ओळ तीनदा वाचली तरी डोक्यात शिरत नसे. रविवारी उशिरापर्यंत झोपून पाहिलं, तर सोमवारी अंग आणखीच जड. हा शीण झोपेने जाणारा नव्हता. घरून कोणी विचारलं तर मात्र उत्तर तयार असे : "मस्त चाललंय."

तळघरात तिच्या जोडीला एक पन्नाशीची बाई होती. तीही परमुलखातलीच, पण वेगळ्या. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती आणि तिथली भाषा दोघींनाही मोडकीतोडकीच येत होती. मास्तरणीने मनातल्या मनात तिला मावशी करून टाकलं होतं. चादरीची घडी एकट्याने होत नाही. दोघींनी दोन टोकं धरायची, झटका द्यायचा, काठाला काठ जुळवायचा, तीन पावलं पुढे येऊन टोकं एकीच्या हातात द्यायची, की दुसरी खाली वाकून मधली घडी उचलते. असं तासाला ऐंशी वेळा. डाग दिसला की चादर बाजूच्या ट्रॉलीत. पहिल्या महिन्यात मास्तरणीचे खांदे भरून यायचे. तिसऱ्या महिन्यात तिला स्वप्नातही चादरी दिसू लागल्या, आणि त्यांच्यावर डाग.

या पाच तासांत कानात इयरफोन लावून काही ऐकायला परवानगी होती. तिथे अप्पा असत.

आई गेल्यापासून अप्पांना बोलायला माणूस नव्हतं. दादा आणि वहिनी दोघंही नोकरीला, पोरं शाळेत. दुपारी घर रिकामं झालं की अप्पा खुर्ची खिडकीपाशी ओढत आणि लेकीला व्हॉइस मेसेज पाठवत. रोज, न चुकता. सुरुवात ठरलेली : "तर मास्तरीणबाई, आजची हकीकत." मग शेजारच्या निवृत्त तलाठ्याने नळाच्या वेळेवरून घातलेला वाद, मांजरीने कुठे पिल्लं घातली, जुना पेशंट रस्त्यात भेटला आणि त्याला अजून त्या लाल औषधाची चव आठवते, असलं सगळं. शेवटही ठरलेला : "बाकी ठीक. बरं, ठेवतो." ठेवायला हातात रिसीव्हर नसे, पण अप्पा ठेवत. रविवारी घरचा व्हिडिओ कॉल व्हायचा, तेव्हा मात्र ते मुके. पोरं अंगावर उड्या मारत, दादा मधेमधे ओरडे, आणि कोपऱ्यातून अप्पा एवढंच विचारत, "जेवलीस ना?" त्यांचं खरं बोलणं दुपारचं, एकट्याचं.

पहिले दोन महिने ती ते मन लावून ऐके. मग परीक्षा आल्या. वर्गातली रेकॉर्ड केलेली व्याख्यानंही घड्या घालतानाच ऐकायची होती, आणि पाच तासांत मावणार किती? अप्पांना दीडपट वेगावर टाकलं. दीडपट अंगवळणी पडली तेव्हा दुप्पट. दुपटीवर अप्पा मोठे मजेशीर वाटत. चटपटीत, घाईत, पंचविशीतल्या सेल्समनसारखे. नळ, तलाठी, मांजर, बाकी ठीक, ठेवतो. संपलं की ती अंगठ्याने तीनच अक्षरं टाईप करी, 'ऐकलं', आणि व्याख्यान लावी. खोटं काही नव्हतं त्यात. ऐकलंच होतं.

फक्त एक तक्रार होती. मेसेज लांबत चालले होते. आधी चार मिनिटांचे असत, मग सहा, मग नऊ. "अप्पांचं वाढतच चाललंय गं," ती खोलीतल्या मैत्रिणीला म्हणाली. "वय झालं की माणूस पाल्हाळ लावतो."

अशातच एका सकाळी वहिनीचा मेसेज आला. वहिनी मोजकं बोलणारी. हा मोठा होता.

"मास्तरीण, अप्पांचं मला काही बरं दिसत नाही. दिवसभर पेंगतात. जिना चढताना मधे थांबतात. भर दुपारी शाल पांघरून बसतात. डॉक्टरकडे चला म्हटलं तर म्हणतात, चाळीस वर्षं दवाखान्यात काढलीत, मला शिकवू नका. फार मागे लागले तर म्हणाले, मास्तरणीला विचार, ती रोज माझा आवाज ऐकते, ती म्हणाली तर येतो. तर तूच सांग. तुला आवाजावरून काय वाटतं?"

मास्तरणीने तो मेसेज बसथांब्यावर वाचला. त्या दिवशी तिची परीक्षा होती, आणि आदल्या रविवारी व्हिडिओवर तिने अप्पांना पाहिलं होतं. चेहरा चांगला भरला होता. आईच्या माघारी अप्पांनी बाळसं धरलं म्हणून ती हसलीही होती. तिने लिहिलं, "वहिनी, कालच ऐकलं त्यांना. आवाज एकदम खणखणीत. उगाच मागे लागू नका त्यांच्या." अप्पांनाही वेगळं कळवलं : "तुमचा आवाज माझ्यापेक्षा तरुण आहे." मग बस आली आणि ती चढली.

त्यानंतर दीड महिना कोणी विषय काढला नाही.

फोन गेला तो तिच्याच हाताने. डागाळलेल्या चादरींच्या ट्रॉलीवर तो तिने क्षणभर टेकवला, वर आणखी चार चादरी टाकल्या, आणि ट्रॉली धुण्याच्या मशीनमध्ये रिकामी झाली. तासाभराने मावशीने तो ओल्या ढिगातून शेपटीला धरून उंदीर काढावा तसा दोन बोटांत काढला. फोन अगदी लख्ख झाला होता, पण गेला होता. रडायचंसुद्धा त्राण तिच्यात नव्हतं. खोलीतल्या मैत्रिणीने खणात पडलेला आपला जुना फोन दिला. जुने मेसेज सगळे त्यावर उतरले, पण काच तडकलेली, आणि इयरफोन काही केल्या त्याला लागेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन दिवसांचे अप्पा साचले होते. ऐकायचं तर मोठ्याने. तळघरात मराठी कळणारं कुत्रंही नव्हतं, तेव्हा लाज कोणाची? तिने फोन घडीच्या टेबलावर ठेवला, बटण दाबलं आणि चादरीचं टोक उचललं.

"तर..." फोन म्हणाला. मग काहीच नाही. मग, "मास्तरीणबाई..." पुन्हा शांतता. "आजची... हकीकत."

जाड, घोगरा, ओला आवाज. शब्द जिभेवरून कसाबसा ढकलल्यासारखा.

"मेला फोनच म्हातारा," ती पुटपुटली. चादर झटकली, काठ जुळवला. फोन नळाबद्दल सांगू लागला. नळ आणि तलाठी या दोन शब्दांमध्ये एका अख्ख्या चादरीची घडी झाली. आता मात्र तिने टोक टेबलावर टाकलं आणि फोन हातात घेतला. वेगाच्या आकड्यावर एक होता. एक, म्हणजे माणूस बोलतो तसं. तिने वहिनीचा कालचा मेसेज लावून पाहिला. वहिनी नेहमीसारखी भरभर बोलली. पोरांचा लावला, पोरं चिवचिवली. फोन धडधाकट होता.

मावशी चादरीचं दुसरं टोक धरून उभीच होती. तिने टेबलाकडे हनुवटीने खूण केली आणि मोडक्यातोडक्या शब्दांत विचारलं, "तुझे बाबा?"

मास्तरणीने मान हलवली.

"आजारी आहेत?"

एक अक्षर न कळणाऱ्या बाईला मिनिटभरात कळलं होतं.

तिने सुपरवायझरला पोटात दुखतंय म्हणून सांगितलं. जिन्यात बसून तिने जुने मेसेज लावले. सहा महिन्यांपूर्वीचा, साध्या वेगावर : चार मिनिटं, नळ, तलाठी, मांजर, मधे एक विनोद आणि स्वतःच्याच विनोदावर हसणं. कालचा : नऊ मिनिटं, नळ, तलाठी, मांजर. विनोद नाही. बोलणं तसूभरही वाढलं नव्हतं. वाढल्या होत्या त्या मधल्या जागा, आणि त्या ती रोज पळवून काढत होती. लाखो लोकांचे आकडे मांडणारी ही बाई चाराचे सहा आणि सहाचे नऊ होताना बघत होती, आणि पाल्हाळ म्हणत होती. तिला स्वतःची इतकी किळस आली की तिने फोन पालथा घातला.

मग वहिनीला ऑफिसात फोन लावला.

"वहिनी, अप्पांना डॉक्टरकडे ने. उद्याच. मी चुकले."

टोमणा मारायला ही जागा उत्तम होती, आणि तो ऐकायला मास्तरीण तयारही होती. पण वहिनी म्हणाली, "नेते. रजा टाकते. तू जेवलीस का काही?"

नंतर अप्पांना.

"अप्पा, उद्या वहिनीबरोबर डॉक्टरकडे जायचं."

"कोण... म्हणतं?"

"मास्तरीण म्हणते."

"मग काय," अप्पा म्हणाले, आणि तिने श्वास रोखून पुढच्या शब्दाची वाट पाहिली. "मग... जायलाच हवं."

रिपोर्ट यायला तीन दिवस लागले. ते तीन दिवस तिने कसे काढले ते विचारू नका. तिच्या घड्या वाकड्या होत होत्या आणि मावशी त्या पुन्हा घालत होती. चौथ्या दिवशी सकाळी वहिनीचे तीन शब्द आले, "थायरॉइड. घाबरू नकोस," आणि पाठोपाठ अप्पांचा मेसेज. अकरा मिनिटांचा. तिने टेबलावर फोन ठेवला. आकडा एकवरच होता. मावशीने चादर खाली ठेवली.

"तर मास्तरीणबाई... आजची हकीकत. डॉक्टर म्हणतात, गळ्यातली ग्रंथी... आळशी झालीय. रोज एक गोळी. सकाळी, उपाशीपोटी. आयुष्यभर. तीन-चार महिन्यांत पूर्वीसारखा बोलायला लागेन म्हणतात." बराच वेळ नुसता श्वास. पंख्याचा आवाज. मांजर कुठेतरी ओरडली. "हीच गोळी गं... मी शेकडो लोकांना पुडीत बांधून दिलीय. आवाज जड होतो... थंडी वाजते... चेहरा सुजतो. सगळं पाठ मला. शंका आली होती. पण तू म्हणालीस, खणखणीत. मग म्हटलं... आपलंच काहीतरी. रोज मन लावून ऐकणारी... ती एकटीच. काही असतं तर... तिच्या कानांतून सुटलं नसतं."

मग पुन्हा श्वास, आणि मग, "बाकी ठीक. बरं... ठेवतो."

'ऐकलं' लिहायला तिचा अंगठा आपोआप गेला आणि थबकला. तिने बोलण्याचं बटण दाबलं. "अप्पा," ती म्हणाली. पुढचं येईना. सांगायचं होतं ते एवढंच : मी ऐकत नव्हते, अप्पा, मी तुम्हाला पळवत होते. मागे मशीन घुमत होतं, मावशी दुसरीकडे तोंड करून टॉवेल रचत होती. बोट सुटलं तेव्हा मेसेज निघून गेला होता. चाळीस सेकंदांचा. त्यात एक 'अप्पा', आणि बाकी नुसती मशीनची घरघर.

तिकडे दुपार होती. अप्पा खिडकीपाशीच असणार. दोन-तीन मिनिटांत त्यांचं उत्तर आलं.

"ऐकलं गं," अप्पा सावकाश म्हणाले. "दोनदा ऐकलं."