घरातला भोंगा

माणूस देवमाणूस, पण बोलायला लागला की समोरच्याने दोन पावलं मागे सरकावं. उभी हयात यंत्रमागांच्या खडखडाटात गेलेली. तिथे कानाशी ओरडायचं आणि तरीही ओठांकडे बघून समजून घ्यायचं. ती सवय घरी आली, कान मात्र कारखान्यातच राहिले. कानाला यंत्र लावून पाहिलं, तर गोंगाट तेवढा वाढला, शब्द काही कळेनात. गल्ली त्याला भोंगा म्हणायची. तो हसण्यावारी न्यायचा.

बायकोचा रक्तदाब औषधाला दाद देईना, रात्र रात्र डोळ्याला डोळा लागेना, तेव्हा त्याने समोरच्या गॅरेजवाल्याला धरलं. "तुझ्या ठोकाठोकीनं जीव घेशील तिचा!" गॅरेजवाला बिचारा हातोडा खाली ठेवून कानांवर हात ठेवून उभा.

शेवटी डॉक्टरीणबाईंनी बायकोच्या मोबाइलमध्ये आवाज मोजणारं अ‍ॅप घालायला लावलं. मोबाइल आठवडाभर सतत तिच्याजवळ. भोंगा खूश! आता गॅरेजवाल्याची चांगलीच जिरणार होती.

आठवडा संपल्यावर मुलीने आलेख उघडला, आईला दाखवला आणि मोबाइल पटकन पालथा ठेवला.

"बघू, आण इकडे!"

गॅरेज चालू असताना रेघ मध्यावर होती. गॅरेज बंद होऊन हा घरी आला की ती जी वर चढायची, ती हा झोपेपर्यंत उतरायचं नाव नाही. एकच संध्याकाळ शांत होती. त्या दिवशी तो पुतण्याकडे मुक्कामाला होता.

"अहो, टीव्हीचा असेल आवाज," बायको घाईघाईने म्हणाली.

"टीव्ही मोठा कोण करतं? मीच ना!" तो म्हणाला, आणि हातातल्या मोबाइलवरचा आकडा लाल झाला.

तोंडात मारल्यासारखा तो खाली बसला. जिच्यासाठी जगाशी भांडलो, तिला मीच आजारी पाडलं, या विचाराने त्याला घास जाईना. त्या दिवसापासून टीव्ही बंद झाला. तो हळू बोलायला जायचा, तर तिला काहीच ऐकू यायचं नाही. आवाज जरा वाढवावा, तर ती दचकायची. आपला आवाज केवढा येतो, हे त्यालाच कळत नव्हतं. मग तो मानेनेच हो-नाही करू लागला. जेवताना मुकादमाच्या नकला करून तो तिला हसवायचा, तेही थांबलं.

पुढच्या तपासणीत रक्तदाब उतरलेला निघाला. "छान! असंच चालू द्या," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

बाहेर आल्यावर बायको मुद्दाम त्याच्या समोर येऊन उभी राहिली, त्याला ओठ दिसावेत म्हणून. "घर खायला उठतं हो. एकदा तरी पूर्वीसारखं बोला ना."

त्यालाही फार बोलावंसं वाटलं. त्याने तोंड उघडलं, तशी तिने डोळे गच्च मिटून घेतले. तिच्याही नकळत.

त्याने तोंड मिटलं आणि तिचा हात धरून घराकडे चालू लागला.